विशेषणाची मात्रा : गोंदियाच्या वर्गातील इंग्रजी

परकी भाषा शिकणाऱ्या मुलाच्या हाती नामे आणि क्रियापदे लवकर लागतात, कारण वस्तू बोटाने दाखवता येते आणि क्रिया करून दाखवता येते. विशेषण मात्र असे दाखवता येत नाही, ते नेहमी कशाच्या तरी मानाने समजून घ्यावे लागते. 'मोठा' हा शब्द उच्चारताना बोलणाऱ्याच्या मनात एखादे नेहमीचे माप गृहीत असते, आणि ते माप बैलाचे की बेडकाचे हे ठाऊक नसेल तर शब्दाला काहीच अर्थ उरत नाही. भाषावैज्ञानिक एडवर्ड सपीर यांनी 1944 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात भाषेतील या चढउताराचा विचार केला आणि असे सर्व शब्द मुळात तुलनेवर उभे असतात, हे दाखवून दिले. इंग्रजीतील तीव्र विशेषणे, म्हणजे 'एनॉर्मस', 'टायनी', 'एक्झॉस्टेड', 'एन्शन्ट' यांसारखे ज्यांच्या अर्थातच 'अतिशय' मुरलेले आहे असे शब्द, शिकवण्यातली अडचण नेमकी येथे आहे : शब्द नवा असतो, पण मुलाला खरी गरज असते ती मापाची.

गोंदिया जिल्ह्यात ही अडचण स्पष्ट दिसते. भंडाऱ्यातून 1 मे 1999 रोजी वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याच्या एका बाजूला मध्य प्रदेश आणि दुसऱ्या बाजूला छत्तीसगड आहे, आणि येथील मुले घरी झाडीबोली, पोवारी, हिंदी, छत्तीसगढी किंवा गोंडी बोलत शाळेच्या प्रमाण मराठीपर्यंत येतात. राज्यातील मराठी माध्यमाच्या शाळांत 2000-01 या शैक्षणिक वर्षापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले, तेव्हा या मुलांसाठी ती अनेकदा तिसरी, कधी चौथी भाषा ठरली. दहावीपर्यंत पोहोचलेल्या विद्यार्थ्याच्या निबंधात साधारणपणे 'गुड', 'बिग', 'नाइस', 'ब्यूटिफुल' एवढीच विशेषणे येतात आणि जोर द्यायचा झाला की त्यांच्यामागे 'व्हेरी' लागते. यावर सर्वत्र सांगितला जाणारा उपाय म्हणजे दोन रकान्यांचा तक्ता : डावीकडे 'व्हेरी बिग', उजवीकडे 'एनॉर्मस', डावीकडे 'व्हेरी टायर्ड', उजवीकडे 'एक्झॉस्टेड'. तक्ता पाठ होतो, रिकाम्या जागा भरल्या जातात, गुणही मिळतात. परंतु पुढच्या निबंधात तोच विद्यार्थी 'व्हेरी एनॉर्मस' लिहितो किंवा मुंगीच्या वारुळालाही 'एनॉर्मस' म्हणतो. त्याला शब्द मिळाला, त्याची मात्रा मिळाली नाही.

वास्तविक ही मात्रा मराठी बोलणाऱ्या मुलाला आधीपासून येत असते, आणि ती वर्गात कधी विचारली जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे. मराठीत लाल असते तसे लालभडक असते, काळा असतो तसा काळाकुट्ट असतो. हिरवेगार, पिवळेधमक, पांढरेशुभ्र, कोरडेठाक, ओलेचिंब, आंबटढाण, कडूजहर अशी जोडविशेषणे अशिक्षित माणसाच्या तोंडीही सहज असतात. यात दोन नियम दडलेले आहेत. पहिला असा की, हिरव्याला 'कुट्ट' जोडता येत नाही आणि काळ्याला 'गार' जोडता येत नाही; कोणत्या शब्दाशी कोणता शब्द बसतो हे ठरलेले असते, आणि यालाच भाषाशास्त्रात शब्दसाहचर्य म्हणतात. दुसरा नियम असा की, 'अगदी काळाकुट्ट' म्हणता येते, पण 'खूप काळाकुट्ट' कानाला खटकते, कारण जे टोकाला पोहोचले आहे ते आणखी थोडे किंवा खूप करता येत नाही, ते पूर्णत्वाने तसे आहे एवढेच सांगता येते. इंग्रजीत 'व्हेरी एनॉर्मस' का बसत नाही आणि 'ॲब्सोल्यूटली एनॉर्मस' का बसते, याचे उत्तर हेच आहे. कमीजास्त होऊ शकणाऱ्या विशेषणांना श्रेणीक्षम आणि टोक गाठलेल्यांना तीव्र म्हणतात, ही व्याख्या फळ्यावर लिहिण्यापूर्वी शिक्षकाने मुलांना 'खूप लालभडक' आणि 'अगदी लालभडक' ही दोन रूपे मोठ्याने म्हणायला लावली, तर व्याख्या सांगण्याचे अर्धे काम मुलांचे कानच करतील.

अर्थात दोन भाषांच्या पायऱ्या एकमेकींवर तंतोतंत बसत नाहीत, आणि खरे शिकवणे त्या न बसण्यातूनच सुरू होते. थंडीचे उदाहरण घेता येईल. डिसेंबर-जानेवारीत गोंदियाचे किमान तापमान 10 अंशांच्या खाली उतरते आणि विदर्भातील सर्वांत थंड ठिकाणांत या शहराची गणना होते. येथील मुलाला गारवा, गारठा आणि कडाक्याची थंडी यांतला फरक अंगाने माहीत असतो : गारवा हवासा वाटतो, गारठा नकोसा, आणि कडाक्याच्या थंडीत शेकोटीशिवाय निभत नाही. इंग्रजीत 'कूल', 'चिली' आणि 'बिटरली कोल्ड' या शब्दांची रांग साधारण याच क्रमाने लागते, आणि पहिल्यात पसंती व दुसऱ्यात नापसंती आहे हेही जुळते. 'फ्रीझिंग' मात्र निराळे आहे. त्याच्या मुळाशी पाणी गोठवणारी थंडी आहे, जी धानपट्ट्यातल्या मुलाने पाहिलेली नसते, आणि इंग्रज माणूस तो शब्द 8 अंशांनाही वापरतो तेव्हा तो अतिशयोक्ती करत असतो. हे सांगितले की शब्दाचे वजन कळते. उन्हाचेही तसेच. मे अखेरच्या नवतपात पारा 45 अंशांकडे सरकतो तेव्हा कातडी भाजणारे कोरडे ऊन असते, त्याला 'स्कॉर्चिंग' हा शब्द योग्य. जुलैत रोवणीच्या दिवसांत पाऊस उघडला की बांधीतल्या पाण्यावरून जी दमट काहिली उठते आणि पऱ्हे लावणाऱ्या बायांचा जीव घाबरा करते, तिला 'स्वेल्टरिंग' म्हणावे लागते. तक्त्यात दोन्ही शब्द 'व्हेरी हॉट' या एकाच रकान्यासमोर येतात आणि त्यांच्यातला हा महत्त्वाचा भेद पुसला जातो.

तीव्र शब्द आणि नेमका शब्द यांतली गफलत हा या अध्यापनातला सर्वांत मोठा दोष आहे. सारस पक्ष्यावरचा निबंध गोंदियाच्या शाळांना परका नाही, कारण महाराष्ट्रात सारसांचा मुख्य अधिवास या जिल्ह्यातच उरला आहे. उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये सर्वांत उंच असलेला हा पक्षी सुमारे 6 फुटांपर्यंत वाढतो. अंग राखाडी, डोके आणि मानेचा वरचा भाग लाल, पाय लांब आणि गुलाबीसर. 'सारस इज अ व्हेरी बिग बर्ड' हे विद्यार्थ्याचे वाक्य सुधारताना शिक्षक तक्ता स्मरून 'एनॉर्मस' सुचवतो, आणि वाक्य अधिक चुकीचे होते. कारण 'एनॉर्मस' म्हटले की लांबी, रुंदी, उंची यांचा एकत्रित अवाढव्यपणा डोळ्यांपुढे येतो, आणि सारस तर सडपातळ असतो. त्याला 'टॉल' हे साधे विशेषण लागते, पायांना 'स्लेंडर' लागते आणि दूरवर ऐकू जाणाऱ्या त्याच्या सादेला 'पिअर्सिंग' किंवा 'ट्रम्पेटिंग'. त्याहूनही उत्तम वाक्य विशेषणाला टाळून होते : हा पक्षी त्याच्याविषयी लिहिणाऱ्या मुलापेक्षा उंच आहे. जेथे आकडा किंवा तुलना अधिक सांगते तेथे विशेषण मागे घ्यावे, हे शिकवणेही विशेषणे शिकवण्याचाच भाग आहे.

तलावांच्या या जिल्ह्यात आकाराची विशेषणे शिकवण्यासाठी चित्रांची गरज पडू नये. शेताकाठची बोडी, गावचा मामा तलाव म्हणजे जुना मालगुजारी तलाव, त्यापुढे नवेगावबांधचा तलाव आणि गाढवी नदीवरचा इटियाडोह प्रकल्प अशी चढती रांग मुलांना ठाऊक असते, आणि 'स्मॉल'पासून 'व्हास्ट'पर्यंतचे शब्द तिच्यावर मांडता येतात. त्याच वेळी 'व्हास्ट' हा शब्द पसरलेल्या गोष्टींसाठी असतो, पाण्यासाठी, मैदानासाठी, जंगलासाठी, हत्तीसाठी नव्हे, हे साहचर्यही सांगून होते. इझाबेल बेक, मार्गारेट मकिओन आणि लिंडा कुकन यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात शब्दांचे तीन स्तर मांडले आहेत : रोजचे बोलके शब्द, लिखाणात अनेक विषयांत भेटणारे शब्द आणि एखाद्या शास्त्रापुरते मर्यादित शब्द; यांपैकी मधल्या स्तरावर शिक्षकाने श्रम खर्चावेत, असे त्यांचे म्हणणे आहे. बहुतेक तीव्र विशेषणे त्याच स्तरात पडतात. परंतु त्यांचा विचार इंग्रजी वातावरणात वाढणाऱ्या मुलांसाठी होता, जिथे शिकलेला शब्द पुस्तकात, दूरचित्रवाणीवर, दुकानात पुन्हा भेटतो. सालेकसा किंवा देवरीच्या मुलाला तो तसा भेटत नाही. म्हणून येथे संख्या आणखी कमी हवी. वर्षभरात शंभर शब्दांना नुसता स्पर्श करण्यापेक्षा वीस शब्द धानाच्या बांधीत, बाजारात, आजारपणात, सहलीत, अशा निरनिराळ्या प्रसंगांत पुन्हा पुन्हा वापरायला लावणे अधिक फळ देईल.

एक चूक या भागात विशेष आढळते आणि ती केवळ घोकंपट्टीने जात नाही. 'एक्झॉस्टेड' आणि 'एक्झॉस्टिंग', 'टेरिफाइड' आणि 'टेरिफाइंग' या जोड्यांतील पहिला शब्द ज्याच्यावर परिणाम झाला त्याचा आणि दुसरा जो परिणाम घडवतो त्याचा असतो. मराठीत हा भेद 'थकलेला' आणि 'थकवणारा' असा स्वच्छ आहे. रोवणी थकवणारी असते, रोवणारी बाई थकलेली असते; ही दोन वाक्ये आधी मराठीत करून घेतली तर इंग्रजी रूपांची अदलाबदल बरीच थांबते. इंग्रजीच्या तासाला इंग्रजीच बोलावे, या आग्रहापायी अनेक शिक्षक ही वाट स्वतःहून बंद करतात. त्या आग्रहामागे हेतू चांगला असतो, मुलांच्या कानावर इंग्रजी पडावे हा. पण ज्या मुलाला तासभर कानावर पडणाऱ्यातले निम्मे कळत नाही त्याच्यासाठी मराठीचा एक मिनिट हा वेळेचा अपव्यय ठरत नाही. आणि येथे मराठी म्हणजे केवळ पुस्तकातली मराठी मानली तर पोवारी किंवा गोंडी बोलणारे मूल पुन्हा बाहेरच राहील. टोकाचा काळोख, टोकाची भूक, टोकाचा आनंद यांना तुमच्या घरी काय म्हणतात, हा प्रश्न वर्गात विचारला गेला पाहिजे, आणि त्याची उत्तरे फळ्यावर त्या त्या बोलीत लिहिली गेली पाहिजेत, मगच शेजारी इंग्रजी शब्द यावा.

हे सारे टिकायचे तर प्रश्नाचे स्वरूप बदलावे लागेल, कारण वर्गात काय शिकवले जाते ते अखेर परीक्षा ठरवते. 'व्हेरी स्मॉल'साठी एक शब्द लिहा, असे विचारले जाईल तोवर तक्ताच पाठ होणार. त्याऐवजी मामा तलावाचे दोन-तीन वाक्यांचे वर्णन देऊन त्यातील रिकाम्या जागी 'व्हास्ट', 'एनॉर्मस' आणि 'टॉवरिंग' यांपैकी कोणता शब्द बसतो, उरलेले दोन का बसत नाहीत, आणि तलाव उन्हाळ्यात आटला तर कोणता शब्द बदलावा लागेल, असे विचारता येईल. उत्तरातील कारण विद्यार्थ्याने मराठीत दिले तरी त्याला पूर्ण गुण द्यावेत, कारण तपासायचे आहे ते शब्दाचे माप त्याला कळले की नाही एवढेच.