स्मृतिस्थळ आणि मौनाचा अधिकार

दलित साहित्याच्या चर्चेमुळे मराठी वाचकाला परिचित झालेल्या लँग्स्टन ह्यूज या कृष्णवर्णीय कवीचे घर न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत आहे. 1981 मध्ये त्याला शहराच्या वारसास्थळाचा दर्जा मिळाला. 1920च्या दशकातील हार्लेम प्रबोधनाशी निगडित अशा वास्तूंची नोंद अलीकडे समलिंगी व पारलिंगी समाजाच्या इतिहासातही होते. रिचर्ड ब्रूस न्यूजेंट याने 1926 मध्ये ‘फायर’ या नियतकालिकातून पुरुषाचे पुरुषाविषयीचे आकर्षण उघडपणे मांडले. त्याच्याबाबत प्रश्न उद्भवत नाही. ह्यूजने मात्र स्वतःविषयी मौन पाळले, आणि चरित्रकारांत त्यासंबंधी मतभेद आहेत. जे कवीने सांगितले नाही, ते त्याच्या घराच्या भिंतीने सांगावे काय?

नोंद टाळणे ही तटस्थता नसून पुसून टाकण्याची जुनीच रीत आहे, असे यावर म्हटले जाते. हे खरे असले तरी अपुरे आहे. कोल्हापूरकडे पाहता ते ध्यानी येते.

राजर्षी शाहूंनी 1915 मध्ये उभारलेले पॅलेस थिएटर पुढे केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. ‘शारदा’ नाटकातील नायिकेच्या भूमिकेने बालवयातच गाजलेल्या या नटाचे ते स्मारक. 8 ऑगस्ट 2024 रोजी ते आगीत भस्मसात झाले तेव्हा शहर हळहळले. याच भागात यल्लम्माला सोडलेला, लुगडे नेसून डोक्यावर जग घेऊन जोगवा मागणारा जोगता मात्र राजन गवस यांच्या ‘भंडारभोग’ या कादंबरीत भेटतो. त्याच्या नावाची वास्तू नाही. रंगमंचावरील लुगड्याला मान आणि रस्त्यावरील लुगड्याला हेटाळणी, हा भेद उघड आहे.

तथापि नटाच्या वेषावरून त्याच्या अंतरंगाविषयी काहीच सिद्ध होत नाही. जोगत्याचे लुगडेही कधी देवीच्या नावाने लादलेले, तर कधी त्यातच स्वत्व गवसलेले. केवळ अभिमानाची पाटी लावली तर सक्ती झाकली जाते. केवळ अन्यायाची लावली तर त्या वेषात सुखावलेला माणूस नाकारला जातो.

म्हणून स्मृतिस्थळावर पुरावा लिहावा, तर्क लिहू नये. मात्र त्या काळी बोलण्याची किंमत काय मोजावी लागे, हेही तेथे नोंदवणे आवश्यक आहे. मृताचे मौन मोडण्याचा अधिकार जिवंतांना नाही; ते मौन कोणी लादले, हे सांगण्याचे कर्तव्य मात्र त्यांना टाळता येत नाही.