पंचांचा निर्णय आणि आपला पुरुषार्थ

साधकहो, १९६६ च्या फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना लंडनमध्ये झाला. जादा वेळेत २-२ अशी बरोबरी असताना इंग्लंडच्या हर्स्टचा फटका आडव्या दांड्यावर आपटून खाली आला. चेंडू रेषेपार गेला का? पंचांनी गोल दिला. वाद आजही मिटलेला नाही. पश्चिम जर्मनी ४-२ ने हरली.

त्या निर्णयाने सामना फिरला, हे नाकारू नये. पण त्याच पराभूत संघातला तरुण बेकेनबाउअर १९७४ मध्ये कर्णधार म्हणून विश्वविजेता झाला. निर्णयाने एक चषक गेला, पुरुषार्थ गेला नाही.

तुमच्यावरही अन्याय झाला असेल. दाद जरूर मागा. मन मात्र त्या रेषेवर अडकवू नका. आज ध्यानाला बसताना तो जुना हिशोब ईश्वरचरणी ठेवा आणि पुढच्या कर्माला लागा.