कैद्याला भेटायला कोण जातो?



आपल्या वस्तीतला एखादा तरुण पोलिसांनी धरून नेला म्हणजे पुढे काय होते, हे आपणांस ठाऊक आहे. आई वकिलाकडे खेटे घालते, बाप मान खाली घालून कामावर जातो आणि विहारातली मंडळी त्या घराशी बोलणे कमी करतात. पंचशील घेतलेल्या घरात असे कसे झाले, अशी कुजबुज चालते. मुलगा दोषी की निर्दोष, हे न्यायालयानेही अजून ठरविलेले नसते! २०२२ अखेरच्या सरकारी आकड्यांप्रमाणे देशातील दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी होते आणि साधारण दर पाचांत एक अनुसूचित जातीचा होता. तेव्हा अपराध्याशी आपले नाते काय, हा प्रश्न केवळ पोथीतला नाही.

ख्रिस्ती समाजाने त्याचे उत्तर फार पूर्वी दिले आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात, पंचविसाव्या अध्यायात, बंदिवानाला भेटणे म्हणजे मलाच भेटणे असे येशू सांगतो. तो बंदिवान गुन्हेगार होता की नव्हता, याची चौकशी तेथे नाही.

हे वचन खरे मानून काय करता येते, ते एलिझाबेथ फ्रायने दाखविले. क्वेकर पंथाची ही बाई १८१३ मध्ये लंडनच्या न्यूगेट तुरुंगात प्रथम गेली. सुमारे तीनशे स्त्रिया आणि त्यांची लेकरे थोड्या जागेत कोंबलेली होती. तिथेच रांधायचे, तिथेच निजायचे. शिक्षा झालेल्या आणि न झालेल्या सगळ्या एकत्र. १८१७ मध्ये तिने काही बायका जमवून मंडळ काढले. पहिले काम शाळेचे. शिक्षिका म्हणून कैद्यांनीच आपल्यातली एक शिकलेली तरुणी निवडली. घड्याळ चोरल्यावरून ती आत आली होती. शिवण आणि विणकाम सुरू झाले. तुरुंगातले नियम वाचून दाखविले आणि कैदी बायकांनी हात वर करून त्यांना संमती दिली. त्या काळी इंग्लंडात कोणत्याही बाईला पार्लमेंटसाठी मत नव्हते, हे ध्यानात घ्या! फ्राय त्यांना बायबलही वाचून दाखवी. मला मात्र त्या वाचनाहून ती शाळा आणि ते वर गेलेले हात अधिक मोलाचे वाटतात. पुढे १८२३ च्या कायद्याने स्त्री कैद्यांवर स्त्री पहारेकरी आल्या.

क्वेकरांचे पूर्वज सतराव्या शतकात धर्मापायी स्वतः तुरुंगात गेले होते. त्यांना आतले जग ठाऊक होते. आपल्याही वडीलधाऱ्यांनी १९६४-६५ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात, दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली, तुरुंग भरले. ती ओळख आपण पुढे चालविली नाही.

पण वाचकहो, यात एक धोका आहे. कैदी उठून जाऊ शकत नाही. ज्याला भाकर, पत्र आणि बाहेरच्या माणसाचे तोंड यांची भूक आहे, त्याच्या हाती धर्मग्रंथ दिला तर त्याचा होकार कितपत स्वतंत्र? १९५६ साली नागपुरात आपण दीक्षा घेतली ती मोकळ्या मैदानात, आपल्या मर्जीने. आणि सेवा सत्तेच्या कुंपणात शिरली की काय होते तेही पाहा. १८७१ च्या कायद्याने ज्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या, त्यांच्यासाठी सरकारने काढलेल्या वसाहतींपैकी काही मुक्तिफौजेने चालविल्या. आंध्रातले स्टुअर्टपुरम् त्यांपैकीच. तिथल्या मुलांनी कोणता गुन्हा केला होता? जन्म घेतला, एवढाच.

दुसरा भेद क्षमेचा. देवाने क्षमा केली की पाप धुतले जाते, असे धम्म मानीत नाही. अंगुलिमाल भिक्खू झाला, तरी श्रावस्तीत भिक्षेला गेला असता लोकांनी त्याला दगडधोंडे मारले. डोके फुटले, पात्र फुटले, चीवर फाटले. तथागतांनी त्या लोकांना दोष दिला नाही. हे तुझ्याच कर्माचे फळ आहे, सहन कर, एवढेच त्याला सांगितले. लोक भयभीत झाले तेव्हा कुख्यात दरोडेखोराला यापुढे प्रव्रज्या देऊ नये असा नियमही विनयात आला. म्हणजे अपराध्याला जवळ करताना ज्यांची माणसे मेली त्यांचा विसर पडू दिला नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात पतित आणि गुन्हेगार यांच्या दीक्षेला स्वतंत्र भाग दिला, तो काही उगाच नाही.

मग आपली घरे जाळणारा तुरुंगात असेल तर? त्याला जाऊन भेटा, असे त्या घरच्या विधवेला सांगण्याचा अधिकार मला नाही, कोणत्याही भन्तेंनाही नाही. खटला शेवटपर्यंत चालावा, तडजोड नको. पण एका कृत्यावरून माणूस कायमचा संपला असे आपण म्हणू लागलो, तर जन्मावरून माणसावर शिक्का मारणाऱ्यांची भाषा आपल्या तोंडी येते. तुरुंगात तर हा शिक्का चांगलाच मुरलेला होता. जातीवरून कैद्यांना कामे वाटण्याचे नियम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले ते थेट ऑक्टोबर २०२४ मध्ये!

इंग्लंडात भन्ते खेमधम्मो १९७७ पासून तुरुंगांत जाऊ लागले. १९८५ मध्ये त्यांनी या कामासाठी संस्था काढली, तिचे नावच ‘अंगुलिमाल’. आपल्याकडे १९७५ मध्ये जयपूरच्या आणि १९९४ मध्ये तिहारच्या तुरुंगात विपश्यनेची शिबिरे झाली. चांगले झाले. पण जामीन मंजूर होऊनही हमीदार नाही म्हणून आत राहणाऱ्या माणसाला आधी हमीदार हवा, आणि हे काम शिबिराने होत नाही. येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर आपल्या विहारात एवढेच विचारा: कोणाच्या घरचे माणूस आत आहे, मुलाखतीचा दिवस कोणता, आणि त्या आईबरोबर कोण जाणार?