ऐकणाऱ्या मुलाचे मौन

नवी भाषा शिकणारी व्यक्ती बोलू लागण्यापूर्वी काही काळ गप्प राहते, आणि हे गप्प राहणे शिकण्याचीच एक अवस्था असते, ही गोष्ट भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांनी गेल्या अर्धशतकात वारंवार मांडली आहे; तरीही घरात आणि वर्गात अशा मौनाचा अर्थ आजही ‘याला काही येत नाही’ असाच लावला जातो. हा अर्थ लावण्याचा अधिकार मोठ्यांच्या हाती असतो आणि त्याचा भार मात्र मुलाला वाहावा लागतो, म्हणून या प्रश्नाकडे नीतीच्या दृष्टीनेही पाहिले पाहिजे.

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील कोंढा आणि आसपासच्या गावांत घरोघरी कानांवर पडते ती झाडीबोली, म्हणजे पूर्व विदर्भातील जंगलव्याप्त झाडीपट्टीत रुजलेली मराठीची बोली. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी जिच्या अभ्यासाला आयुष्य वाहिले, त्या या बोलीत ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘ळ’च्या जागी ‘र’ येतो. त्यामुळे पाण्याला ‘पानी’ आणि डोळ्याला ‘डोरा’ म्हणत वाढलेले मूल पहिलीच्या वर्गात बसते, तेव्हा पाठ्यपुस्तकातील प्रमाण मराठी त्याला समजत असली तरी ती त्याच्या जिभेवरची नसते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवली जात असल्याने त्याच वर्षी आणखी एक सर्वस्वी अनोळखी भाषा त्याच्यासमोर येते. सहा वर्षांच्या मुलाने एवढे सगळे ऐकून काही दिवस तोंड मिटून बसणे अगदी स्वाभाविक आहे.

अमेरिकेतील भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशन यांनी १९८०च्या दशकात या अवस्थेला मौनकाल म्हटले. शिकणारा या काळात समजेल असे बोलणे ऐकून भाषेचा साठा करत असतो आणि तो पुरेसा झाला की बोलणे आपोआप उगवते, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्युरिएल सॅव्हिल-ट्रॉयक यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने या मौनाच्या आत डोकावून पाहिले. इंग्रजी माध्यमाच्या वर्गात आलेल्या चिनी, जपानी आणि कोरियन मुलांचे बारीक आवाजही टिपले जातील अशी व्यवस्था त्यांनी केली, तेव्हा वरकरणी गप्प दिसणाऱ्या मुलांपैकी अनेक जण दुसऱ्यांचे शब्द स्वतःशीच पुटपुटताना, त्यांत फेरफार करून पाहताना आढळले. शिक्षकाला शांत वाटलेला तो कोपरा प्रत्यक्षात सरावाची जागा होता.

कोंढ्याच्या शेतकऱ्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. पऱ्ह्यातून, म्हणजे रोपवाटिकेतून, उपटलेले धानाचे रोप बांधीत, म्हणजे भातखाचरात, रोवल्यावर काही दिवस पिवळे पडते आणि वाढ थांबल्यासारखे दिसते. त्या दिवसांत ते मूळ धरत असते, आणि म्हणून कोणताही जाणता शेतकरी ते उपटून पाहत नाही.

मात्र सगळे मौन सारखे नसते, आणि विवेक लागतो तो इथेच. ऐकण्यासाठी धरलेले मौन आणि भीतीने पत्करलेले मौन बाहेरून एकसारखेच दिसते. फळ्यासमोर उभे राहून एखादे मूल ‘डोरा’ म्हणते, वर्ग हसतो, आणि शिक्षकही त्या हसण्यात सामील होतात. त्या दिवसापासून ते मूल गप्प राहते, पण आता ते भाषा जमवत नसते, स्वतःला लपवत असते. भीती, लाज आणि दडपण यांमुळे कानांवर पडलेली भाषा मनापर्यंत पोहोचत नाही, या स्थितीला क्रॅशन यांनी भावनिक गाळणी म्हटले आहे. मौनकालात मूल आपली वेळ आपण ठरवते, तर उपहासातून आलेल्या मौनात त्याचा तो हक्कच हिरावला जातो.

हे दुसरे मौन टाळण्याचे मार्ग साधेच आहेत. अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांना १९७०च्या दशकातील अभ्यासांत असे दिसले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतात, आणि हा अवकाश तीन सेकंदांपर्यंत वाढवला तरी मुलांची उत्तरे लांबतात व एरवी न बोलणारी मुलेही पुढे येतात. जेम्स अ‍ॅशर यांच्या पद्धतीत तर मुलाने सुरुवातीला बोलण्याची गरजच नसते. ‘खडू आण’, ‘दार लाव’ अशा नव्या भाषेतील सूचना कृतीने पाळल्या की समज आली हे कळते. एकही पैसा न लागता हे दोन्ही उपाय कोणत्याही जिल्हा परिषद शाळेत करता येतात.

मौनाचे माहात्म्य सांगताना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. कॅनडातील फ्रेंच माध्यमाच्या शाळांत शिकणाऱ्या इंग्रजीभाषक मुलांचा अभ्यास करून मेरिल स्वेन यांनी १९८५ साली दाखवले की वर्षानुवर्षे ऐकून मुलांची समज उत्तम झाली, तरी त्यांचे बोलणे आणि लिहिणे मागे राहिले, कारण स्वतः वाक्य रचण्याची संधी त्यांना पुरेशी मिळत नव्हती. म्हणून थांबणे म्हणजे मुलाला विसरून जाणे नव्हे. त्याच्यासाठी जागा राखून ठेवणे आणि ते बोलेल तेव्हा पूर्ण ऐकून घेणे हाच त्याचा अर्थ आहे. मूल घरीही बोलेनासे झाले किंवा हाकेला प्रतिसाद देईनासे झाले, तर मात्र तज्ज्ञांचा सल्ला वेळीच घ्यावा.

पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा वाद २०२५ साली राज्यभर पेटला आणि त्या वर्षीच्या जूनअखेर सरकारने त्याबाबत काढलेले दोन्ही शासन निर्णय मागे घेतले. मुलाने किती भाषा कधी शिकाव्यात यावर तेव्हा पुष्कळ बोलले गेले. पण शिकताना त्याला गप्प राहण्यासाठी किती वेळ द्यायचा, याचा विचार फारसा झाला नाही. हा वेळ देणे शासनाच्या आदेशावर अवलंबून नाही. पाहुण्यांसमोर मुलाला इंग्रजी कविता म्हणायला उभे करणाऱ्या आणि ते अडखळले की ‘काहून बोलत नाई गा?’ असे सर्वांदेखत विचारणाऱ्या प्रत्येक घराला तो आजपासून देता येईल. मुलाला बोलते करण्याची घाई मोठ्यांनी सोडावी, त्याच्या बोलीला कोणी हसणार नाही याची हमी द्यावी, आणि ते बोलू लागेपर्यंत त्याच्याशी प्रेमाने बोलत राहावे.