श्रद्धेचा भार कोणी वाहावा?

विल्यम कॅरी हे नाव आम्हां मराठी वाचकांस परके नाही. १८०५ साली मराठीचे व्याकरण छापणारा, कलकत्त्याजवळील श्रीरामपूरचा हा मिशनरी. तो १७९३ साली बंगाल्यात उतरला. पहिल्या बंगाली माणसास त्याने बाप्तिस्मा दिला तो १८०० च्या डिसेंबरात. मधली सात वर्षे निळीच्या कारखान्याची देखरेख, बंगालीचा अभ्यास, भाषांतर, उपदेश, आणि फळ शून्य! या चिकाटीपुढे मान लववावीच लागते.

परंतु त्याची पत्नी डोरोथी? तिला इकडे यावयाचेच नव्हते. मोठ्या मिनतवारीने आली. १७९४ साली पाच वर्षांचा पीटर आमांशाने गेला. पुढे तिचे चित्त भ्रमले, ते १८०७ साली मृत्यू येईपर्यंत ताळ्यावर आले नाही. शेजारच्या खोलीत तिचा आक्रोश, इकडे भाषांतर चालू.

त्याला निदान ईश्वराची हाक ऐकू आली होती, तिला कोणाची? सर्वस्व वाहणाऱ्यास आम्ही साधू म्हणतो. पण त्या सर्वस्वात दुसऱ्याचा जीव धरावा काय? (बदलीचा हुकूमही घरात सांगितला जातो, विचारला जात नाही.) कॅरीने तिला वेड्यांच्या इस्पितळात न धाडता अखेरपर्यंत घरीच सांभाळले. ही गोष्ट आम्ही त्याच्या भाषांतरांहून मोठी मानतो. तरी तिचे देणे फिटले, असे आम्हांस म्हणवत नाही.