कायापालट : शब्द आणि अर्थ

विरारच्या डोंगरावर श्रीजीवदानी मातेच्या दर्शनास येणारे कित्येक भाविक ‘संसाराचा कायापालट होऊ दे’ असे मागणे मागतात. हा शब्द नित्य कानी पडतो. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा व अनेक ग्रामपंचायती मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली, त्यास परिसराचा कायापालट म्हणतात. नुसत्या रंगरंगोटीलाही, दुर्दैवाने, हेच नाव मिळते.

‘काया’ म्हणजे देह, ‘पालट’ म्हणजे बदल. वसईचा वाडीवाला पिकांचा फेरपालट करतो, तेव्हा जमीन तीच राहते. भोई खांदेपालट करतात, तेव्हा पालखी खाली ठेवीत नाहीत. जुने टाकून नवे आणणे ही केवळ अदलाबदल होय. पालट आहे त्यातच घडतो.

देहाच्या कायापालटासाठी चरकसंहितेत रसायनाचे दोन विधी सांगितले आहेत. ‘कुटीप्रावेशिक’ विधीत सर्व व्यवहार सोडून खास बांधलेल्या कुटीत राहावयाचे असते. ‘वातातपिक’ विधी वारा-ऊन सोसत, नित्यकर्मे सांभाळून करावयाचा असतो. पहिला श्रेष्ठ मानला आहे, परंतु त्यास सवड व साधने लागतात. पहाटेची लोकल गाठणाऱ्या संसारी मनुष्यास दुसराच मार्ग मोकळा आहे.

मातेचे दर्शन घेऊन तो पायऱ्या उतरतो, तेव्हा खाली तेच घर, तेच कर्ज, तीच माणसे असतात. मागणे त्यांच्यासाठीच केलेले असते. सख्ख्या भावाशी वर्षानुवर्षांचा अबोला असेल, तर प्रसादाची पुडी घेऊन प्रथम त्याच्याच दारी जावे लागते.