आमचा वाटा किती?

भोपाळचा मोठा तलाव अकराव्या शतकात राजा भोजाने बांधविला, असे मानतात. आजही शहरातील पुष्कळ घरांत त्याचेच पाणी पितात. २००२ साली रामसर कराराखालील पाणथळ जागांत त्याची गणना झाली. नाल्यांचे सांडपाणी त्यात मिसळते, ही तक्रारही जुनीच आहे.

सांडपाण्यातून आपली औषधेही वाहत जातात. घेतलेल्या गोळीचा काही अंश शरीराबाहेर पडतो. उरलेले औषध कित्येक घरांत मोरीत ओततात. शुद्धीकरण केंद्रातही ते सर्वच नाहीसे होत नाही.

गोड्या पाण्याच्या तळ्यांत डॅफ्निया, म्हणजे पाणपिसू, हा इवलासा प्राणी असतो. तो सूक्ष्म शेवाळ खातो व स्वतः माशांच्या पिलांचे अन्न होतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन व अ‍ॅस्पिरिन ही वेदनाशामके त्याच्यावर तपासली गेली. ज्या प्रमाणात एकेकट्या औषधाने फारसे काही बिघडले नाही, त्याच प्रमाणात चारही एकत्र येताच ती घातक ठरली. प्रयोगातले प्रमाण तळ्यातल्याहून पुष्कळ जास्त होते हे खरे. पण तळ्यात औषधेही चारच नसतात.

डिसेंबर १९८४ च्या वायुकांडात भोपाळला कारखान्याकडे बोट दाखविता आले. येथे कोणाकडे दाखवावे? प्रत्येकाचा थेंब निरुपद्रवी आहे. मग दोष कोणाचाच नाही काय?

यरुशलेमेचा तट पडल्याची वार्ता नहेम्याला दूर शूशन येथे कळली. तो पडला तेव्हा नहेम्या तेथे नव्हता. तरी प्रार्थनेत त्याने लोकांच्या पापात स्वतःला व आपल्या घराण्याला मोजले. आपला वाटा किती, हे तो मोजत बसला नाही. पुढे तट बांधताना कित्येकांनी आपापल्या घरासमोरचा भाग दुरुस्त केला.

आजाऱ्याने औषध सोडावे, असे आमचे म्हणणे नाही. तो वाटा टळत नाही. त्यासाठी सांडपाण्याची नीट व्यवस्था नगरपालिकेकडे सर्वांनी मिळून मागावी. परंतु निष्काळजीपणाचा वाटा टळतो. डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून औषधे घेऊ नयेत, उरलेली मोरीत न ओतता त्यांचे काय करावे हे औषधविक्रेत्यास विचारावे. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी मुलांना भिंगातून तळ्याचे पाणी दाखवावे. चिमणीचीही काळजी घेणाऱ्या पित्याने निर्मिलेले हे जीव आहेत, हे मुलांना सहज समजेल. आपल्या घरासमोरचा तट तेवढाच आहे. तो तरी आपण बांधू या.